राजा कायम

बँकेतल्या मॅडमनी फॉर्म परत सरकवला. "अहो, कायमचा पत्ता उंद्री आणि सध्याचाही उंद्रीच?" बरोबरच होतं. एक उंद्री पुण्यातली, 2017 साली महापालिकेत आलेली, उंच सोसायट्यांची आणि पाण्याच्या टँकरची. दुसरी बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातली. तिला उदयनगरही म्हणतात. पहिलीत मी भाड्यानं राहतो. दुसरीत आई-बाबा भांडतात.

भांडणाचं वर्णन करत बसत नाही. ज्यांच्या घरात दारू आली त्यांना ते ठाऊक आहे. मला आठवते ती भेंडवळ.

जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घट मांडतात. वाघ घराण्याकडं हा मान साडेतीनशे वर्षांपासून आहे, असं सांगतात. बाबांनी मला एकदा नेलं होतं. त्या दिवशी ते प्यायले नव्हते. गोल आखून कडेनं अठरा धान्यं मांडलेली: अंबाडी, सरकी, तूर, मसूर, भादली. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी. पान-सुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडं कुणी फिरकायचं नाही. पहाटे कुठला दाणा सरकला, कुठलं ढेकूळ किती भिजलं, हे बघून वर्षाचं भाकीत. बाबा एकेक धान्य बोटानं दाखवत होते. "ही भादली. हलली का समज, रोगराई." रात्री एका ओळखीच्या घरी ओट्यावर झोपलो. माझ्या डोक्याखाली त्यांचा हात होता आणि हाताला नुसता तंबाखूचा वास होता. सकाळी गर्दीत मला काही दिसेना, तर त्यांनी खांद्यावर घेतलं. 'पीक मोघम', 'राजा कायम', अशी तिथली ठरलेली भाषा. अंधश्रद्धा निर्मूलनवाले या भाकितांवर टीका करतात आणि मला ती पटते. तरी दर अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी भेंडवळची बातमी शोधून वाचतो.

घरी मात्र मी रोजच घट मांडायचो. सायकल भिंतीला टेकली का आपटली, चपला जोडीनं निघाल्या का एक उंबऱ्यात नि एक अंगणात, चुलीपुढं भाकरी थापायचा आवाज थांबला का. आईही गप्प बसणारी नव्हती. तिचा पहिला टोमणा पडला की दप्तर उचलून शेजारच्या मावशीकडं. माझी भाकितं भेंडवळपेक्षा खरी ठरायची.

पुण्यात आल्यावर रूममेटनं कप जरा जोरात ठेवला तरी मी दचकायचो. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र इथंच आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. बाबांसाठी चौकशी करून आलो आणि घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "मले काय धाड भरली?" आई म्हणाली, "राहू दे, लोक काय म्हणतीन?" त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत पाहून मला हसूच आलं, आणि बरंचसं ओझं तिथंच उतरलं.

आईच्या 'हॅलो'वरून रात्र कशी गेली ते अजून कळतं. पूर्वी लगेच रजा टाकून गाडी पकडायचो, आता नाही पकडत. दिवाळीला जातो, दोन दिवस राहतो, आवाज चढला की पिशवी उचलतो. पैसे आईच्या खात्यावर टाकतो. बाबांच्या हातात रुपया देत नाही. पोरगं पुण्याला जाऊन शेफारलं, असं गावात बोलतात. बोलोत.