लावणीचा फोटो

आमच्या शेजारचे फोटोग्राफर स्नेही दरवर्षी आषाढात दोन दिवस दुकान बंद ठेवून ‘शाळेला’ जातात. पन्नाशी उलटलेला गृहस्थ शाळेला जातो याचे मला नवल वाटे. यंदा मीही बरोबर निघालो. मास्तराला बाकावर बसायची चैन पुन्हा कुठली मिळायची!

कान्हे स्टेशनवर उतरून टाकवे गाठले की आंदर मावळ लागतो. पुढे वडेश्वर, खांडी आणि डोंगरांच्या ओंजळीत ठोकरवाडीचा जलाशय. १९२२ साली पुरे झालेले हे टाटांचे धरण. त्याचे पाणी घाट उतरून भिवपुरीला वीज देते.

मुंबईत फोटोग्राफरांची सोसायटी १८५४ साली निघाली. तेव्हापासून या धंद्यातले शिकणे काही संपलेले नाही. आता तर घरोघरी मोबाइल! लग्नमुंजीखेरीज स्टुडिओची पायरी कोण चढतो? म्हणून वीसेक स्टुडिओवाले इथे जमले होते. धडा होता पावसाळी उजेडाचा. गुरुजी म्हणाले, “आभाळ पाहून उजेड मोजाल तर माणूस काळा पडेल. चेहरा पाहून मोजा.”

खाचरात भाताची लावणी चालली होती. सगळे बांधावर ओळीने उभे राहिले. कोणी म्हणाले, “आजी, जरा वर बघा.”

आजींनी मान वर केली नाही. “मागल्या साली बी असंच वर बघाया लावलं. फोटू धाडतो म्हनला व्हता. तवा म्हातारा शेजारी व्हता. त्यो माघात गेला. फोटू काय आला न्हाई.”

आमच्या स्नेह्यांनी हळूच कॅमेरा खाली केला. तो फोटो त्यांनीच काढलेला होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे पुन्हा गेलो. आजींनी लुगड्याला हात पुसले, चौकट धरली आणि कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती झालं?”

“उशीर झाला,” स्नेही म्हणाले. पैसे त्यांनी घेतले नाहीत. पण आजींनी इंद्रायणी तांदळाचे गाठोडे दिल्यावाचून सोडले नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले हे वाण. गाडीभर त्याचा वास दरवळत होता. परतताना आम्ही फारसे बोललो नाही.

घरी आल्यावर मी कपाट उघडले. ‘वाचून देतो’ म्हणून वर्षापूर्वी ठेवून घेतलेली एका विद्यार्थ्याची कथांची वही तशीच होती. दिवा लावून वाचायला बसलो.