मनूची यादी

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. मधले दोन महिने रिलीजच्या गडबडीत गेले हे खरं, पण नुसतं तेवढंच खरं नाही. लिहायचा मूडच नव्हता. कारण पुढे येईलच.

आमची मनू सप्टेंबरात तेरा पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवं असं विचारलं की आजवर बाईसाहेब "काहीही" म्हणायच्या. यंदा मात्र व्हॉट्सॲपवर चक्क यादी आली. एक स्केटबोर्ड. एक ओव्हरसाइज टी-शर्ट, काळा, आणि "तू घालतोस तसला नको बाबा". हॉट व्हील्सची एखादी जपानी गाडी. आणि गाणी ऐकायला वायरवाले इअरफोन. वायरवाले! गेल्या दिवाळीत ड्रॉवर आवरताना मी तीन जोड कचऱ्यात टाकले होते. म्हणे आता तेच 'कूल' आहेत. असो.

मी आपला इमानदार सॉफ्टवेअरवाला. एक्सेल शीट उघडली, किमती टाकल्या, स्टार मोजले. आणि सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूला सगळ्यात कमी वेळ दिला. साइटवर चार पूर्णांक एक स्टार, किंमत अकराशे रुपये, वर झकास कवटीचं चित्र. केली ऑर्डर.

स्केटबोर्डचं खूळ आमच्या घरात नेटफ्लिक्समुळे शिरलं. मंजरी माकिजानीचा 'स्केटर गर्ल' 2021 साली आला. राजस्थानातल्या खेमपूर गावात त्याचं शूटिंग झालं आणि त्यासाठी बांधलेला स्केटपार्क गावातल्या पोरांसाठी तसाच ठेवला. मनूने तो किमान सहा वेळा पाहिलाय. त्यात भर म्हणजे 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत आपल्या महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलं. पुण्यात सराव करणारी सोळा वर्षांची मुलगी. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा मुलींच्या स्ट्रीट प्रकारातलं सुवर्ण मिळवणारी मोमिजी निशिया होती तेरा वर्षांची. "माझ्याएवढी," हे मनू दिवसातून दोनदा ऐकवायची.

पण पुणं म्हणजे पुणं आणि कोपर म्हणजे कोपर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं हे स्टेशन दुमजली आहे. खालून मेन लाइन, वरून वसई-दिवा. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. स्टेशनबाहेर रिक्षा, भाजीवाले, पाण्याचे टँकर आणि पेव्हर ब्लॉक. ज्याने पेव्हर ब्लॉक शोधला त्याने आयुष्यात चाकाची वस्तू हाताळली नसणार. तर स्केटिंगला जागा उरली एकच, सोसायटीचं पार्किंग. तिथे सेक्रेटरींच्या गाडीच्या बंपरला एकदा बोर्ड लागलं आणि नोटीस बोर्डावर 'पार्किंगमध्ये चाकांचे खेळ खेळू नयेत' असा कागद लागला. (पार्किंगमध्ये चाकं नाहीत तर काय असणार, हे विचारायचा मोह मी आवरला.)

मग आम्ही रविवारी सकाळी सहाला मागच्या नव्या डांबरी रस्त्यावर जाऊ लागलो. दसऱ्यानंतरच्या रविवारी मनू हलक्या उतारावरून येत होती. वेग काही फार नव्हता. पुढचा ट्रक तुटला. ट्रक म्हणजे बोर्डाखाली चाकांचा आस धरणारा भाग. तो धातूचा असतो, ॲल्युमिनियमचा. आमचा चंदेरी रंग दिलेल्या प्लास्टिकचा निघाला. पोरगी उजव्या हातावर पडली. मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर, चार आठवडे प्लास्टर. दिवाळीचा फराळ डाव्या हाताने.

ती रडली नाही. दवाखान्यात मला म्हणाली, "सॉरी बाबा, तुझे पैसे वाया गेले." हे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही. हिने तर मला तोंडावर सांगितलं, "तू ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमध्ये एवढ्या चुका शोधतोस, लेकीच्या वस्तूची चाकं एकदा हातात धरून बघता नाही आली?" यावर उत्तर नव्हतं. त्यानंतर घरात तो विषय बंद. मनूनेही काढला नाही, आणि तेच जास्त लागत होतं. यादी आपली फोनमध्ये तशीच पडून.

बाकीच्या वस्तूंबद्दल आधी सांगून टाकतो. त्या निदान कोणाचा हात मोडणाऱ्या नव्हत्या.

टी-शर्टचं म्हणाल तर हल्ली कापडाचं वजन बघून घेतात, 180 जीएसएम, 240 जीएसएम वगैरे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. स्ट्रीटवेअरवाले 240 च्या खाली बोलत नाहीत. दिसतं झकास, खांद्यावरून मस्त पडतं. पण आपल्याकडच्या दमट हवेत ते सकाळी वाळत घातलं तर संध्याकाळपर्यंत वाळत नाही, पावसाळ्यात तर तिसऱ्या दिवशी वास मारतं. माझं मत, 200 च्या आसपासचं घ्या आणि ब्रँडचे पैसे वाचवा. जीन्सला तर आम्ही कोपरहून पाचव्या स्टेशनावर जातो, उल्हासनगरला. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आमच्या पिढीने इतका ऐकलाय की हसूही येत नाही. पण तिथलं शिवणकाम खरंच तरबेज आहे. फक्त त्या निळ्या रंगाची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत सोडलं जात होतं, आणि प्रकरण कोर्टात गेल्यावर ते कारखाने बंद करायची वेळ आली. स्वस्त जीन्सची किंमत कोणीतरी भरतच असतं.

पायात काय? मनूला सपाट रबरी तळव्याचे कॅनव्हास बूट पुरले. पण कोल्हापुरीची गंमत सांगायलाच हवी. 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. या चपलेला 2019 मध्ये जीआय मिळालेला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ओरड झाल्यावर कंपनीने मान्य केलं. आमचे अण्णा बातमी वाचून म्हणाले, "म्हणजे मी चाळीस वर्षं फॅशनमध्येच होतो." मनूने लगेच त्यांच्या चपलांचा फोटो मैत्रिणींना पाठवला. भरपूर बदाम आले म्हणे.

हॉट व्हील्स ही मात्र माझीच कमजोरी निघाली. 1968 पासूनच्या या गाड्या, साधारण चौसष्टास एक मापाच्या. मनूसाठी एक घ्यायला गेलो आणि तीन घेऊन आलो. दुकानात चाळिशीतले दोन पुरुष खोके उपसत होते, त्यांना 'सुपर ट्रेझर हंट' हवी होती. तिचा रंग जास्त चमकदार असतो आणि टायर खऱ्या रबराचे. मिळाली की दुप्पट-चौपट भावाने विकायची. असलं करू नका हो. लहान मुलांच्या दांडीवर हात मारून गुंतवणूक कसली करता? घ्यायचीच तर काळी-पिवळी पद्मिनी घ्या, लाल डबलडेकर घ्या. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, बेस्टची डिझेलवाली डबलडेकर त्याच्या दीड महिना आधी. आता शोकेसमध्येच दिसायच्या.

गाण्यांना वस्तूच लागत नाही आता. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झालं तेव्हा मी हळहळलो होतो, पण त्याआधी चार-पाच वर्षं तिथून काही विकत घेतलेलं नव्हतं. तेव्हा गप्प बसतो. मनूच्या दीडशे रुपयांच्या इअरफोनमध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' वाजतं. मराठी गाणं, 2024 मध्ये थेट हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलेलं. मला आवडलं. मोठ्याने कबूल केलेलं नाही.

तर पुन्हा स्केटबोर्ड.

नोव्हेंबरात एका शनिवारी उठलो तर अण्णा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसलेले. समोर ते मोडकं बोर्ड. अण्णा डोंबिवली एमआयडीसीत फिटर होते, आता चौऱ्याहत्तरचे आहेत. त्यांनी चाकातून बेअरिंग काढून रॉकेलच्या वाटीत टाकलं होतं. "अरे, ही तर सिक्स झीरो एट," मला म्हणाले. "आठ मिलिमीटर भोक, बावीस बाहेरून, सात जाडी. तुझ्या गाडीला हीच होती."

माझी गाडी! एकदम चाळीस वर्षं मागे गेलो. तेव्हा आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. अण्णांनी कारखान्यातली बाद झालेली बेअरिंगं आणली होती, पॅकिंगच्या पेटीची फळी, पुढे आडवं लाकूड आणि सुतळीचा लगाम. बेअरिंगची गाडी. लोखंडी बेअरिंगं थेट रस्त्यावर घासायची, आवाजाने आख्खी चाळ बाहेर. त्या गाडीवरून मी किती वेळा फुटलो याचा हिशोब नाही. पण गाडी कधी तुटली नाही.

अण्णांनी त्या मोडक्या बोर्डाचं पोस्टमॉर्टेम केलं आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं. फळी मेपलच्या सात पातळ थरांची हवी. हिची कसल्याशा भुश्याची होती, पावसाने कडेला फुगलेली. बेअरिंगवर 'एबेक 9' छापलंय म्हणून जास्त पैसे देऊ नये. तो आकडा अचूकतेचा, तोही वेगाने फिरणाऱ्या मशीनसाठी. रस्त्यावरच्या धुळीला तो ओळखत नाही. चाकांचं माझं मी वाचलं. पार्कमधल्या गुळगुळीत काँक्रीटला 52-54 मिलिमीटरची, 99ए कडकपणाची चाकं ठीक. आपल्या रस्त्याला 60 मिलिमीटरची, 78ए वगैरे मऊ चाकं हवीत, ती खडे गिळतात. हे आधी वाचायला मला कोणी अडवलं होतं? एक्सेलमध्ये कॉलमच नव्हता त्याचा.

मनू दारात उभी राहून ऐकत होती. अण्णांनी धुतलेलं बेअरिंग तिच्या डाव्या हातात दिलं आणि टिचकी मारून फिरवलं. बराच वेळ फिरत राहिलं. तिने विचारलं, "आजोबा, याच्यावर नवीन बोर्ड बनेल?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे. ही काही न बोलता आत गेली.

रात्री आमचं भांडण झालं. मी म्हटलं, आता घेतलं नाही तर ती आयुष्यभर लक्षात ठेवेल की एकदा पडल्यावर आपण खेळ बंद केला. ही म्हणाली, आणि परत पडली तर? मी म्हटलं, पडेलच. यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड. ते मी निवडणार. तू नाही." मान्य.

बोर्ड या वेळी सुटे भाग घेऊन जोडलं. सगळं मिळून साडेसहा हजार. अकराशेच्या जवळजवळ सहापट, आणि यादीतली तेवढीच एक वस्तू मी कोणालाही डोळे मिटून घ्या म्हणेन. जुन्या बोर्डातली दोन बेअरिंगं बरी निघाली, ती अण्णांनी हट्टाने मागच्या चाकांत बसवली. नवी आठ आलेली असताना.

वांद्र्याला कार्टर रोडवर छोटा स्केटपार्क आहे. उद्या सकाळची पहिली स्लो पकडून दादर, तिथून वेस्टर्नने वांद्रे असा बेत आहे. मनूने बोर्ड अंथरुणाशेजारी ठेवलंय. अण्णा आत्ता रात्री साडेदहाला पाना घेऊन ट्रकचा नट तिसऱ्यांदा तपासताहेत, आणि ही मागून म्हणतेय, "अण्णा, तुम्ही पण जाणार आहात का यांच्याबरोबर?"

"मग?" अण्णा म्हणाले. "नट ढिला झाला तर कोण आवळणार, हा?"