पूर्णाकाठचा फाल्गुन

मराठवाड्याच्या काळ्या, सपाट भूमीवर वसंत जमिनीतून उगवत नाही, तो वृक्षांच्या माथ्यावर उतरतो. आणि ज्यांनी वसंताची कल्पना परदेशी पुस्तकांतील हिरव्यागार कुरणांवरून बांधली आहे, त्यांनी फाल्गुनातल्या एखाद्या पहाटे पूर्णा स्थानकाबाहेर पडून जाणत्या माणसाच्या सोबतीने नदीची वाट धरावी, यावाचून ही गोष्ट पटण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाही. जमिनीलगतच्या रानफुलांचा हंगाम या मुलखात पावसाळ्याबरोबरच येतो आणि हिवाळ्यापर्यंत बहुतेक सरून जातो. फाल्गुनात हरभरा निघालेला असतो, गव्हाची कापणी चालू असते, उघड्या पडलेल्या रानाला भेगा जाऊ लागतात. आणि नेमक्या अशा वेळी, जेव्हा प्रत्येक मुळाला पाण्याची निकड असते, तेव्हा पळस, पांगारा आणि काटेसावर आपली पाने टाकून देऊन नुसत्या फांद्यांवर फुलून येतात. आड यायला पान उरलेले नसते, म्हणून ते रक्तवर्ण फूल दुरून दिसते. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर मधासाठी त्यावर तुटून पडतात, आणि परागाची ने-आण करणाऱ्या या पाखरांवरच त्या वृक्षाचा पुढचा वंश अवलंबून असतो.

त्यांतही पळस हा या मातीचा खरा रहिवासी. जी जमीन चिबड आहे, जिथे खार वर येतो, जिथे पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात माती दगडासारखी होते, तिथेही तो तग धरतो. गुरे त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि वरून तोडला तरी मुळांतून तो पुन्हा फुटतो. म्हणूनच गावोगावच्या गायरानांत आणि महसुली दप्तरात ‘परमपोक’ म्हणून दाखल असलेल्या पडीत तुकड्यांत तो टिकून राहिला. त्याच्या फुलांनी एकेकाळी होळीचा रंग दिला, पानांनी लग्नाच्या पंगतींना पत्रावळी आणि द्रोण दिले, सालीने डिंक दिला. त्याची कळी हातात घेऊन पाहावी: बाहेरचा पेला काळपट, मखमली, आणि त्यातून निघणारी ती वाकडी, केशरी पाकळी. दुरून ज्वाळा दिसणारे हे फूल जवळून इतके मृदू, लवदार असते याची जाणीव पहिल्यांदा ज्याला होते, त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्यातही मोठा आनंद असतो.

हा आनंद एकट्याने गेल्यास पुरता मिळत नाही. झाडे ओळखायला आम्ही रानात काढतो त्या फेरीत वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेले एक गुरुजी असतात, नदीकाठच्या वस्तीवरचे एक वृद्ध मेंढपाळ असतात, ज्यांना सारे मामा म्हणतात, आणि मागे शाळकरी मुलांचा घोळका. गुरुजी झाडाचे नाव आधी सांगत नाहीत. कोवळ्या सावरीच्या खोडावरचे शंकूसारखे काटे मुलांना बोटांनी चाचपायला लावतात, झाडाखाली पडलेले जड, मांसल फूल उचलून त्यातले पुंकेसरांचे जुडगे उलगडतात, आणि मग मामांकडे वळून विचारतात, “मामा, तुमच्याकडं हिला काय म्हणतात?” मामा नाव सांगतात, आणि त्याबरोबर तिचा कापूस कधी फुटतो, कुठली उशी त्याने भरतात, शेळी काय खाते आणि काय सोडते, हेही सांगतात. गुरुजींच्या वहीत आणि मामांच्या स्मरणात असलेले हे दोन ज्ञानप्रवाह एका झाडाखाली एकत्र येताना मी पाहिले आहेत. अजिंठ्याच्या डोंगरांतून निघालेली आणि वाटेत दुधनेला पोटात घेतलेली पूर्णा पुढे कंठेश्वरापाशी गोदावरीला मिळते, त्या संगमाइतकाच हा संगम मला पवित्र वाटतो.

समूहाने रानात जाऊन वनस्पती ओळखण्याची ही रीत जगालाही नवी नाही. १७४१ साली स्वीडनमधील उप्साला येथे प्राध्यापक झालेला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळ्यात गावाबाहेर पडत असे. दिवसभर वनस्पती गोळा करून तो जथा संध्याकाळी शिंगे आणि नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत शहरात परते. याच लिनीयसने आपल्या बहाव्याला १७५३ साली शास्त्रीय नाव मुक्रर केले, पण भारतात त्याने कधीही पाऊल ठेवले नाही. वैशाखाच्या उन्हात बहाव्याचे पिवळे झुंबर वाऱ्यावर हलताना पाहण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. ते पूर्णेच्या कुठल्याही मुलाला फुकट लाभते, आणि तरीही किती मुलांना तो वृक्ष नावाने ठाऊक असतो?

या अज्ञानाला इतिहासाचेही एक कारण आहे. थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, परंतु इलाख्याची सरहद्द जिथे संपली तिथे त्याची लेखणीही थांबली. पूर्णा गाव तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिले. पुढे व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या प्रदेशाला स्वतःचे असे वनस्पतींचे दप्तर मिळाले. तोही इंग्रजीत. मधल्या काळात या झाडांची नोंद जर कुठे झाली असेल तर ती मामांसारख्यांच्या जिभेवर. आणि त्या जिभा आता एकेक करून मूक होत आहेत, याचे मला अतोनात दुःख होते.

चालता चालता हेही शिकावे लागते की जे जे फुलले आहे ते ते आपले नव्हे. बांधावर पिवळ्या फुलांनी लखलखणारा काटेरी धोतरा मेक्सिकोचा, रिकामी जागा गिळीत चाललेली वेडी बाभूळ अमेरिका खंडातली, आणि ज्याच्यावर साऱ्या शाळांचे प्रेम तो गुलमोहर मादागास्करचा. पाहुण्याचा द्वेष करावा असे मी म्हणत नाही. पण रस्त्याकडेला आणि शाळेच्या आवारात झाडे लावताना आपण गुलमोहराची रोपे आणतो आणि बहावा, करंज, पांगारा विसरतो, ही निवड चुकीची आहे. आणि गायराने नांगराखाली व इमारतींखाली जात असताना पळसाला दुसरा आसराही उरलेला नाही.

होळीनंतरचे पंधरा दिवस पळसाचे, चैत्र कडुनिंबाच्या मोहराचा आणि पिंपळाच्या तांबूस पालवीचा, वैशाख बहाव्याचा. ऊन चढण्यापूर्वी निघावे, पाण्याची बाटली आणि वही बरोबर घ्यावी, फांद्या मोडू नयेत, खाली पडलेलीच फुले उचलावीत. पूर्णा तालुक्यातल्या आणि साऱ्या मराठवाड्यातल्या शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे की येत्या फाल्गुनात आपल्या वर्गाला घेऊन एकदा शिवारात जा, गावातल्या सर्वांत जाणत्या गुराख्याला किंवा आजीला मानाने पुढे चालवा, आणि त्यांनी सांगितलेले प्रत्येक नाव मुलांच्या हातून मराठीत लिहून ठेवा.