हातात टाळ असताना

गाडगेबाबांचं वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं कीर्तन परवा पुन्हा ऐकलं. ८ नोव्हेंबर १९५६ चं ते ध्वनिमुद्रण; दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला बाबा गेले. कितीही वेळा ऐकलं तरी माझा कान एकाच जागी अडतो. बाबा प्रश्न विचारतात आणि थांबतात. समोरून उत्तर आलं की मगच पुढे सरकतात. लिहून आणलेल्या भाषणाला असं थांबता येत नाही, त्याचं पुढचं वाक्य घरीच ठरलेलं असतं. बाबांचं पुढचं वाक्य समोर बसलेली माणसं देत होती.

वारकरी कीर्तनात तर कागद धरायला हातच रिकामा नसतो, हातात टाळ असतो. मग दोन तास बुवा बोलतात ते कशाच्या बळावर?

आजोळी सप्ताहाला येणाऱ्या बुवांची उतरायची सोय आमच्याकडे असे. दुपारी जेवणं झाली की ते ओसरीवर आजीपाशी बसत. 'माउली, विहिरीला पाणी कितपत यंदा?' 'कुठलं महाराज, दोन परससुद्धा नाही.' तिथून बोलणं सुरू व्हायचं. कुणाच्या बैलाला लाळ्या-खुरकत झाली, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुठल्या बांधावरून भाऊभाऊ कोर्टात गेले. बुवा मधूनच एखादी गोष्ट पुन्हा विचारून घेत. ऊन उतरलं की गोठ्याच्या बाजूला एकटेच येरझाऱ्या घालत. ओठ हलत, पण आवाज नाही. उजव्या हाताचा अंगठा करंगळीपासून एकेका बोटावर जाई आणि तिथं बराच वेळ थांबे. अभंगाचा एक चरण म्हणजे एक बोट. त्या बोटावर कुठला दृष्टांत बसवायचा, कुठली ओवी प्रमाण म्हणून घ्यायची, हे तिथं ठरत होतं. मी दावणीपाशी उभा राहून ते बोट बघत असे.

रात्री तिसऱ्या चरणाला बांध आला. नाव कुणाचंच घेतलं नाही. बांध कोरणारा दरसाल एक वीत पुढे सरकतो आणि शेवटी त्याला जागा लागते ती साडेतीन हात, एवढंच बुवा बोलले. ते दोघे भाऊ मांडवातच होते. कोर्टाच्या तारखा पुढेही पडत राहिल्या. पण त्या रात्री 'बांध' म्हटल्यावर अख्खा मांडव सावरून बसला. हा दृष्टांत बुवांनी दुसऱ्या गावीही सांगितला असेल. आमच्या गावात तो आमचा होता, कारण दुपारी ते ओसरीवर बसले होते.

विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली मुलं आजही गाथा आणि ज्ञानेश्वरी पाठ करतात. पाठांतराला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. पाठ असलेली ओवी ऐन वेळी आपणहून पुढे येते. वहीतली शोधावी लागते, आणि तेवढ्यात समोरच्या माणसावरची नजर सुटते. हल्ली काही जण मोबाइलमध्ये बघून प्रमाणं घेतात. ओवी तीच असते, तरी तिचा जोर ओसरतो.

शिवाय बुवा एकटे नसतातच. त्यांनी प्रमाणाचे पहिले दोन शब्द उच्चारले की मागचे गायक ते उचलतात, टाळ-मृदंग चढतो, आणि तेवढ्या अवधीत बुवांना पुढची वाट दिसते. चरण आठवेनासा झाला तर कुणाला कळायच्या आत मागून तो येतो.

आमच्या गावात हे काम एक शिंपी करायचा. त्याला सही करता येत नव्हती, पण तुकोबा कुठूनही विचारा, पुढचं म्हणून दाखवायचा. एखादं कीर्तन त्यानं स्वतः करावं म्हणून बुवा दरसाल मागं लागायचे. तो दरसाल एकच सांगायचा, 'महाराज, मागं बी कुणी तरी पाहिजे की.'