एका घरात तिघं



सांगलीच्या माझ्या भाचीच्या धाकट्या मुलाला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. मोठ्या मुलीला डिस्लेक्सिया, वाचताना अडखळते, तोंडी हिशेब मात्र चटकन करते. मुलाच्या तपासण्या चालू असताना डॉक्टरांनी जावईबापूंनाही प्रश्न विचारले आणि बेचाळिसाव्या वर्षी कळलं, त्यांना एडीएचडी आहे. बायका म्हणाल्या, "घराला काही दोष आहे का बघा."

या गोष्टींमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे एका घरात दोघं-तिघं निघणं नवलाचं नाही. आईच्या वाढवण्याने ऑटिझम होत नाही. कोणी पूर्वकर्माचं नाव काढतं. कर्मसिद्धांत मीही मानते, पण तो आपण आपल्याला तपासायला आहे, दुसरीला सुनवायला नाही.

अशा घरात खरी अडचण म्हणजे एकाचा उपाय तो दुसऱ्याचा त्रास. मुलगा कुकरच्या शिट्टीलाही कान झाकतो. मुलीला मोठ्याने वाचल्याशिवाय धडा डोक्यात शिरत नाही. जावई फोनवर बोलत येरझारा घालतात. या तिघांत भाची. तिला सर्वांत उपयोगी पडल्या त्या शेजारच्या काकू. मुलगी रोज तासभर त्यांच्याकडे वाचायला जाते. काकू शिकवत नाहीत, तांदूळ निवडत ऐकतात.

जेवणाचं सांगते, कारण आपल्यात यावरून फार बोललं जातं. मुलगा तीनच गोष्टी खातो: तूपभात, एकाच प्रकारचं बिस्कीट आणि बटाट्याचे वेफर्स. घरात कंदमूळ वर्ज्य, त्यात चातुर्मास. सासूबाई दुखावल्या, पण भांडल्या नाहीत. कच्च्या केळ्याचे वेफर्स तेवढेच पातळ तळून त्याच डब्यात ठेवू लागल्या. चार महिने त्याने हात लावला नाही. आता कधी दोन-तीन उचलतो. बटाट्याचा डबाही आहेच, आणि माझ्या मते तो असू द्यावा. व्रत समजून घ्यायचं असतं, त्या लेकराच्या पोटात आधी काही जाऊ दे. गंमत म्हणजे सूर्यास्ताआधी जेवणं त्याच्याइतकं काटेकोर कोणी पाळत नाही. फक्त सूर्यास्त रोज सरकतो, ते त्याला चालत नाही, म्हणून बारा महिने पावणेसहाला पान वाढतात.

वैयावृत्त्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक. आपण ते मुनी-आर्यिकांच्या सेवेपुरतं धरून बसलो आहोत. अशा घरी जाऊन "काही लागलं तर सांग" म्हणू नका. काय लागेल हे सांगायलाही त्या बाईला डोकं उरलेलं नसतं. "मंगळवारी चारला येते, फॉर्म भरू," असं म्हणा. आमच्या बस्तीत अभिषेकाच्या गर्दीत मुलगा बिथरतो, म्हणून उपाध्ये दुपारी दार उघडून देतात आणि घंटा वाजवत नाहीत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

फॉर्म मात्र खरोखर असतात. मी कॉमर्सवाली, ते काम माझ्याकडे. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडी वेगळं दिलेलं नाही. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड झालं की पुढची दारं उघडतात. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम असलेल्यांना १ लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. जुन्या कररचनेत राहिलात तर ७५ हजारांची वजावट, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाख. आणि मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

हे कागद लावताना मुलगी शेजारी बसली होती. तेरा वर्षांची पोर. तिने विचारलं, "मावशीआजी, पुढे दादूला मीच सांभाळायचं ना?" मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, "ते कागद मी आणि बाबा करतोय. तू दहावीला लेखनिक घेणार की वाढीव वेळ, तेवढं ठरव."

ती म्हणाली, वेळ. लिहायचं मीच.