चालतंय ना, मग वाचायचं कशाला?

सॉफ्टवेअरमधली मुलं दिवसभर कोड लिहीत बसतात, असा आपल्या घरोघरी समज आहे. इंदूरच्या माझ्या नातेवाइकांचाही आहे. प्रत्यक्षात माझ्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात जातो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आपल्या मंडळातली बरीच मुलंमुली आता या क्षेत्रात शिरत आहेत आणि सुरुवातीला त्यांना सगळ्यात जास्त टोचतो तो हाच भाग. म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. आमचा सगळा कोड ‘गिट’ या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत असतो. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली, याची ती वहीच म्हणा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ती लिहिली. आज जगभर वापरतात. या वहीत एखादा बदल सुचवायचा तर त्याचा पॅच करतात. काढलेल्या ओळीपुढे उणे, घातलेल्या ओळीपुढे अधिक. पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ. पूर्वी प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर असत, तेव्हा दुरुस्तीसाठी पट्टीचा तुकडा कापून त्या जागी खरोखरच नवा चिकटवत. नाव तिथून आलं.

आता एक प्रसंग सांगते. आमची टीम दुकानांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. दोन वर्षांपूर्वी तिथे देवासचा एक मराठी मुलगा लागला. हुशार आणि कामसू. बिलात अर्धा पैसा आला की तो पूर्ण पैशात आणताना फरक पडत होता, तो दुरुस्त करायचं काम त्याला दिलं. त्याने पाठवलेला पॅच चाळीस फाइलींचा निघाला. दुरुस्ती होतीच, पण सोबत जुनी नावं बदलली होती आणि मांडणीही नीटनेटकी केली होती. मी लिहिलं, “याचे तीन पॅच कर. नावं वेगळी, मांडणी वेगळी, दुरुस्ती वेगळी. आणि संदेशात बदल का केला ते लिही. काय केलं ते कोडमध्ये दिसतंच.” शिवाय ठिकठिकाणी प्रश्न होते, ते निराळे.

त्याचा चेहरा उतरला. “ताई, चालतंय ना सगळं? टेस्ट पास आहेत.” दोन दिवस तो फारसा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहाला गेलो तेव्हा हळूच म्हणाला, “घरी सांगून टाकलंय, ही नोकरी मला जमेलसं वाटत नाही.”

ऐकून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आपल्याकडे वहीवर लाल शाई दिसली म्हणजे मार्क गेले, आणि मार्क गेले म्हणजे आपणच कमी पडलो, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. तिथेच मोबाइलवर मी त्याला लिनक्सच्या गाभ्याचे पॅच दाखवले. ते आजही मुख्यतः ईमेलने जातात आणि सगळ्यांना वाचता येतात. शीर्षकात वी२, वी३ असे आकडे असतात, म्हणजे तोच पॅच सुधारून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवलेला. आधीच्या खेपेपेक्षा काय बदललं तेही खाली लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या पॅचवरही हे आकडे दिसतात. तो बराच वेळ स्क्रोल करत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने तीन पॅच पाठवले. खरी दुरुस्ती उरली जेमतेम बारा ओळींची. आता ती डोळ्यांत भरत होती, म्हणून मला प्रश्न सुचला, “गिऱ्हाइकाने माल परत केला तर?” परतीची रक्कम उणे असते. त्याने करून पाहिलं. १२.३४५ चे १२.३५ होत होते, पण उणे १२.३४५ चे उणे १२.३४. रकमेचे पैसे करून त्यात अर्धा मिळवायचा आणि अपूर्णांक खालच्या बाजूला कापायचा, ही रीत उणे आकड्यांना उलटी पडते. फरक एका पैशाचा, पण अशा परती साठत गेल्या की महिनाअखेर दुकानदाराचा हिशेब जुळत नाही आणि बोल मुनीमजींना बसतो. तो स्वतःच म्हणाला, “ताई, हे त्या चाळीस फाइलींत कुणाला दिसलं असतं?”

नोकरी सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आज तो इतरांचे पॅच तपासतो, माझेही.

या क्षेत्रात येणाऱ्यांना एवढंच सांगेन. एका पॅचमध्ये एकच गोष्ट ठेवा. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो, आणि पुढे बदल मागे घ्यावा लागला तर तेवढाच घेता येतो. आलेल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या. पटला नाही तर कारण सांगा, पण गप्प बसू नका. आणि तुमच्यावर तपासायची वेळ येईल तेव्हा ‘तू हे चुकवलंस’ असं लिहू नका. ‘इथे रक्कम उणे आली तर काय होईल?’ असं विचारा. प्रश्न ओळीला विचारला की माणूस दुखावत नाही आणि कामही पुढे जातं.

लिनक्समध्ये लिहिणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचंही नाव ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून कायमचं नोंदतात. म्हणजे त्याने तो पॅच नीट तपासला आणि त्याला तो योग्य वाटला, याची ती नोंद; पुढे काहीच बिघडणार नाही याची हमी मात्र नव्हे. आपलं लिहिलेलं कुणी इतकं मन लावून वाचावं आणि त्याखाली स्वतःचं नाव घालावं, असं शाळा-कॉलेज सुटल्यावर फार थोड्या ठिकाणी घडतं. पहिल्या नोकरीत तसं कुणी भेटलं तर त्याचे शेरे जपून ठेवा.