कोठीतली तूर

माउली, आमच्या गावच्या सप्ताहाची कोठी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मंडपात कीर्तन रंगते तेव्हा माझे ध्यान गहू किती, गूळ किती, डाळ किती, यातच असते. त्यामुळे बाजार मला जवळून दिसतो.

२०१५ ची दिवाळी आपल्याला आठवत असेल. तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली आणि कार्तिकातल्या पंगतीत आमटी पातळ झाली. दोन वर्षे पाऊस कमी, पीक कमी, हे खरेच. पण सगळी टंचाई शेतातली नव्हती. त्या ऑक्टोबरात केंद्राने आयातदार, निर्यातदार, अन्नप्रक्रिया कंपन्या आणि मोठे मॉलवाले यांच्याही डाळीच्या साठ्यावर मर्यादा घातली. तोवर त्यांना सूट होती! मग छापे पडले आणि एकट्या महाराष्ट्रात हजारो टन डाळ गोदामांत सापडली.

साठा म्हणजेच पाप, असे मी म्हणत नाही. तूर पौष-माघात येते आणि वर्षभर खायची असते. कुणीतरी ती ठेवायलाच हवी. माझी कोठी तरी दुसरे काय आहे? फक्त माल कशाची वाट पाहत पडला आहे, ते पाहावे. पंगतीची, की भाव चढण्याची?

पुढे उलटेच झाले. भाव पाहून सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला. २०१७ च्या सुरुवातीला हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि बाजारात त्याहून पुष्कळ कमी मिळत होते. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा, आत बारदान नाही. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला शेतकरी किती दिवस थांबणार? खाणाऱ्यालाही थांबता येत नाही, पोट थांबू देत नाही. थांबू शकतो तो गोदामवाला, ज्याच्यामागे बँकेचा पैसा आहे. महागाईत तोच, मंदीतही तोच.

दामाजीपंतांच्या कथेत आपण विठू महाराच्या थैलीपाशी रमतो. मला त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. दाराशी भुकेली माणसे, किल्ली हातात आणि बादशहाची परवानगी नाही. भर दुष्काळातही मंगळवेढ्याचे कोठार भरलेले होते, हेही ध्यानात घ्या.

आजची किल्ली म्हणजे १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. २०२० च्या दुरुस्तीने ठरवले होते, की डाळीसारख्या टिकाऊ मालाचा भाव निम्म्याने चढल्याशिवाय साठ्याला हात लावायचा नाही. म्हणजे शंभराची डाळ दीडशेची होईपर्यंत सरकारने नुसते पाहायचे. ती दुरुस्ती २०२१ च्या अखेरीस शेती कायद्यांबरोबर रद्द झाली. आता किल्ली पुन्हा सरकारकडे आहे, पण ती वेळेवर फिरायला हवी.

आम्ही आमच्यापुरते एक केले. सप्ताहाची तूर माघातच गावातल्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने घेतो आणि जवळच्या गिरणीत भरडून आणतो. टरफल गाईंना जाते. आपल्या गावच्या सप्ताहाची डाळ कुठून येते, ते एकदा कोठीवाल्याला विचाराल का?